टीव्हीच्या मागचा बाप

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ होता. पण तो दिवसभर झोपायचा, म्हणून त्याला आपल्या गोष्टीत घ्यायला नको. आपल्या गोष्टीत आहे गणोजी अस्वल. मागच्यांनी खिदळू नका. अस्वलालाही घरसंसार असतो.

गणोजीची मुलगी झिपरी फार गोड गायची. शेजारच्या जंगलातल्या गाण्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली. शनिवारी संध्याकाळी ती टीव्हीवर दिसणार होती. गणोजीचा आनंद गुहेत मावेना. त्यानं टीव्ही आणला, सगळ्या जंगलाला बोलावणं धाडलं आणि स्वतःसाठी अगदी समोर घोंगडी अंथरून ठेवली. मुलीला डोळे भरून पाहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

केबल आली, पण तिच्या टोकाला पिन बसवायची राहिली होती. या कामात खेकडेबुवांचा हात धरणारं कुणी नव्हतं, कारण तसल्या नांग्याच दुसऱ्या कुणाला नव्हत्या. बुवा तिरके तिरके आले आणि आल्या आल्या त्यांनी व्याख्यान सुरू केलं. वरचं काळं साल सोलायचं. खालची जाळी मागे मुडपायची. मधली तांब्याची तार नखाएवढी उघडी ठेवायची. जाळीचा एक केससुद्धा तारेला शिवता कामा नये, शिवला की चित्र गेलं. मग पिन फिरवून घट्ट बसवायची. याला अर्धा तास लागेल आणि तोवर कुणी बोलायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. बोलत होते ते एकटेच.

माकडतात्यांना हा ताठा सोसवेना. तात्या म्हणजे जंगलातल्या प्रत्येक कार्याचे अध्यक्ष. एवढ्याशा कामाला अर्धा तास कशाला, असं म्हणून त्यांनी केबल दातानं सोलली, तार टीव्हीच्या भोकात खुपसली आणि शेजारी काडेपेटीची काडी ठोकून ती पक्की केली. चित्र आलं. टाळ्या पडल्या, नारळ फुटला. खेकडेबुवा लाल होऊन घरी गेले.

संध्याकाळी गुहा गच्च भरली. झिपरीचं नाव पुकारलं मात्र, पडद्यावर मुंग्याच मुंग्या. तात्यांनी रिवाजाप्रमाणे टीव्हीला दोन थपडा मारल्या. मुंग्या वाढल्या. गणोजी धावत मागे गेला आणि त्यानं तार पंजात धरली. चित्र लख्ख झालं. सोडली की पुन्हा मुंग्या.

"गणोजी, तसाच राहा. हलू नकोस," तात्या म्हणाले.

बुवांना बोलवावं का, असं ससा हळूच म्हणाला. पण अर्ध्या तासात गाणं संपून गेलं असतं, हेही खरंच होतं. तेव्हा गणोजी तसाच राहिला. झिपरी गायली आणि पुढे सगळे डोळे पुसू लागले. गणोजीनं एकदा मान लांब करून पाहिली. लगेच मुंग्या आल्या आणि सगळे त्याच्यावर ओरडले, त्यात त्याची बायको चंद्राबाईही होती. त्यानं मान आत घेतली. मला त्याचं फार वाईट वाटतं, पण गोष्ट पुढे न्यायला हवी.

"कशी दिसते गं आपली पोर?" त्यानं मागूनच विचारलं.

"गप बसा हो जरा," चंद्राबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. बुवांनी राग गिळून निरोप पाठवला होता की अजूनही पिन बसवून देतो. सभेचं म्हणणं पडलं, चित्र स्वच्छ दिसतंय, मग उगाच तारेला हात कशाला लावायचा? त्याऐवजी गणोजीला 'केबलभूषण' पदवी आणि शाल देण्यात आली. अस्वलाला शाल कशाला, असं विचारू नका. सत्कारात असं विचारत नाहीत. गणोजी काहीतरी बोलणार होता, पण शाल मोठी छान होती.

पुढच्या शनिवारी तेच गाणं पुन्हा दाखवणार होते. झिपरीही घरी आली होती. समोरच्या घोंगडीवर तात्या बसलेले. बाबा कुठे दिसेनात, म्हणून ती शोधत शोधत टीव्हीच्या मागे गेली. तिथे शाल पांघरून, तार धरून बाबा उभे.

"बाबा, माझं गाणं पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं की. पिवळ्या परकरात काय शोभत होतीस."

"निळा होता, बाबा."

पिवळा रंग त्याला सशानं सांगितला होता. गणोजी खाली बघू लागला.

झिपरीनं त्याच्या पंजातून तार काढून घेतली. पुढे एकच आरडाओरडा झाला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. तात्यांना घोंगडीवरून उठवलं, बाबांना बसवलं आणि त्यांच्यासमोर उभी राहून तेच गाणं म्हणायला लागली. समोर प्रत्यक्ष गाण्यात काय मजा, टीव्हीवर बघण्याची गोष्टच वेगळी, असं पुटपुटत सगळे मुंग्यांकडे बघत बसले. एकटा गणोजी मुलीकडे बघत होता आणि त्याला दिसेनासं झालं होतं, कारण त्याचे डोळे भरले होते.

मध्येच कधीतरी खेकडेबुवा मागून शिरले आणि त्यांनी अर्ध्या तासात पिन बसवली. चित्र आलं. झिपरीचा कार्यक्रम संपून केसांच्या तेलाची जाहिरात लागली होती. सगळ्या जंगलानं ती डोळ्याची पापणी न लववता पाहिली.

तात्पर्य : पिन नीट बसवण्यात अर्धा तास फुकट घालवू नये. त्यापेक्षा टीव्हीच्या मागे एक बाप उभा करावा. तो हलत नाही.