दारावरचा 'मा'

पाली भाषा म्हणजे आपल्या सिंहलीची आजीच की, आजीचं बोलणं नातीला न कळायला काय झालं, असं हंसमालीने सासूला ठणकावून सांगितलं होतं. विहाराच्या रविवारच्या शाळेत शिकवायचं तर पालीची परीक्षा द्यावी लागते. पण ती पुस्तक घेऊन बसली रे बसली की तिची तान्ही लेक चुटी तिन्हीसांजेचा असा सूर लावी, की माडावरचे कावळे वस्ती हलवत.

सासू किरीमेणिकेचं म्हणणं, पोरीला काहीतरी दिसतंय.

हंसमालीने सुत्तांवरचा धडा काढला. भुतांनी येऊ नये म्हणायला तिथे आयतं वाक्य होतं: 'मा भूता आगमिंसु'. आता सिंहलीत 'मा' म्हणजे 'मी'. भुतांच्या वाक्यात आपलं काय काम? तिने 'मा' गाळला आणि उरलेलं दाराच्या चौकटीवर खडूने लिहून टाकलं.

त्या संध्याकाळी चुटी रडली नाही. झोळीत पडून रिकाम्या कोपऱ्याकडे बघत खुदखुदत राहिली. वारा पडलेला, तरी झोळी हलत होती; बेताने, सरावाच्या हाताने हलवावी तशी. हंसमालीच्या अंगावर काटा आला. पण तिचे दोन धडेही झाले.

"बघितलात ना अम्मा, पालीचा गुण?"

"गुण आहे खरा. पण झोळीला हात तुझा नाही, माझा नाही. मग कुणाचा गं?"

पौर्णिमेच्या भोजनदानाला विहारातले भंते आले, ते चौकटीशीच थबकले.

"उपासिके, 'भुतं आली' असं कुणाला कळवलंयस?"

पालीत 'मा' म्हणजे 'नको', तो काढला की उरतं नुसतं 'आली', एवढं समजावून त्यांनी स्वतःच्या हाताने 'मा' लिहिला. मग दूधभात दुसऱ्यांदा न घेताच ते निघाले. जरा घाईनेच.

त्या तिन्हीसांजेला झोळी हलेना. चुटीने कोपऱ्याकडे हात पसरून असा टाहो फोडला, की माडावरचे कावळे पुन्हा उठले. बाहेर अंगणातल्या वाळूवर कुणीतरी येरझाऱ्या घालत होतं. दिसत कुणीच नव्हतं. फक्त वाळू दबत होती, उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरत होती.

परीक्षा तोंडावर आलेली. हंसमालीने सासूकडे पाहिलं. सासूने दुसरीकडे पाहिलं.

हंसमालीने ओल्या अंगठ्याने 'मा' पुसला.

मोकळ्या दाराकडे बघत किरीमेणिके म्हणाली, "या. पण पाय झटकून हो, आत्ताच केर काढलाय."