सरकलेल्या ओळींचे विलास भाऊजी

आमच्या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा, कोणी अडवत नाही. फक्त संध्याकाळपर्यंत वरच्या फळीवर एक निळी चिठ्ठी आणि खालच्या फळीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटलेली सापडते. निळी म्हणजे 'इथं होतं', पिवळी म्हणजे 'आता इथं आहे'. पायपुसणं, मिक्सर, तुळशीची कुंडी, कोणालाच यातून सूट नाही. माझी मुलगी केतकी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिच्या टेबलावर निळी चिठ्ठी लागली आणि पिवळी तिच्या बॅगेत गेली. तिथल्या खोलीत तिनं ती भिंतीवर लावली की नाही, याची फोनवर चौकशीही झाली.

हा उद्योग विलास भाऊजींचा. माझे धाकटे दीर, वय पंचेचाळीसच्या पुढं, लग्न केलं नाही. माझे यजमान इथं भिलाईच्या स्टील प्लांटात होते, ते काही वर्षांपूर्वी आजारपणात गेले. आता नेहरू नगरच्या घरात खाली मी आणि माझं मॅचिंग सेंटर, वर भाऊजी आणि त्यांचा कॉम्प्युटर.

भाऊजींचं एक ठरलेलं वाक्य आहे. "नवीन नाही हो वहिनी, सरकलेलं हाये." रस्त्यावर नवं दुकान उघडलं, तर ते सेक्टरच्या मार्केटमधून सरकलेलं असतं. शेजारच्या नव्या सुनेनं केलेल्या भाजीचं सगळे कौतुक करत होते, तर भाऊजी म्हणाले, ही भाजी तिच्या आईकडून सरकलेली हाये. सून रागावेल असं मला वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं त्यांना आणखी वाढलं.

हे वेड त्यांच्या नोकरीतून आलेलं आहे. प्रोग्राम लिहिणारे लोक जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी शेजारी लावून काय बदललं ते पाहतात. त्यासाठी एक साधन असतं. काढलेली ओळ ते लाल दाखवतं, घातलेली हिरवी. पण एखादी ओळ नुसती वरून उचलून खाली ठेवली, तर वर लाल दिसते आणि खाली हिरवी. म्हणजे वर मेली आणि खाली जन्मली. तपासणारा बिचारा पुन्हा सगळं वाचत बसतो. अशा सरकलेल्या ओळींना स्वतःचा रंग द्यायचा, हे भाऊजींचं काम.

आणि भाऊजींना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. प्लांटची लेखी परीक्षा पास झाले होते, मेडिकलमध्ये ठिपक्यांत लपलेला आकडा सापडला नाही. भिलाईत घरातला मुलगा प्लांटात लागला नाही की लोक त्याच्याविषयी हळू आवाजात बोलतात. भाऊजींविषयी पुष्कळ वर्षं तसं बोलले. रंग न दिसणाऱ्या माणसाला रंग ठरवायची नोकरी, यावर माझ्या माहेरचे अजून हसतात. हसू द्या. अख्खं जग लाल-हिरव्यावर विसंबलं की काय होतं, ते ज्याला दिसत नाही त्यालाच नीट कळतं. निळा आणि पिवळा मात्र त्यांना झोपेतही चुकायचे नाहीत.

छटा ठरवायला ते माझ्या दुकानात बसायचे. ब्लाउजपीसचे दोन गठ्ठे गिऱ्हाइकापुढं धरून विचारायचे, "ताई, या दोघांत फरक दिसते का?" बायकांना वाटायचं, घरात लग्न निघालंय. एकीनं तर नवरी गोरी आहे का सावळी, तेही विचारलं. भाऊजींच्या डोक्यात कॉम्प्युटरचा पडदा, ते म्हणाले, "पांढरी. कागदासारखी." त्या बाई पुन्हा दुकानात आल्या नाहीत.

अडचण अशी होती की मोठा उतारा सरकला की अख्खा पडदा पिवळा होई आणि डोळे दुखत. एक दिवस मी साडीची घडी घालत होते. भाऊजी हातातला चहा विसरून बघत राहिले. मग म्हणाले, "काठ गडद, अंग फिकं." आणि वर पळाले. तेव्हापासून त्यांच्या उताऱ्याची पहिली आणि शेवटची ओळ गडद, मधल्या फिकट. माझी साडी महिनाभर त्यांच्या खुर्चीवर पडून होती.

यानंतर झाला तो मिठाचा प्रकार. मुंग्या लागल्या म्हणून मी साखर बरणीत काढली, डबा धुऊन खालच्या फळीवर ठेवला आणि त्यात मीठ भरलं. भाऊजींनी नेहमीप्रमाणे दोन्ही चिठ्ठ्या लावल्या. दुपारी शेजारच्या साहू काकी आल्या. मी दुकानात होते, म्हणून भाऊजींनी चहा केला, पिवळ्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून. काकींनी एक घोट घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "चाय तो बने हे बेटा, फेर नून काबर डारे हस?" म्हणजे चहा छान झालाय, पण मीठ कशाला घातलंस?

दुसरा कोणी असता तर शरमला असता. भाऊजी कप हातात घेऊन धावत दुकानात आले. "वहिनी, डबा सरकला, पण आतलं बदललं. आणि मी पिवळं लावून दिलं." त्यांच्या साधनातही हीच चूक होती. ओळ सरकताना तिच्यातला एक शब्द बदलला, तरी ती पिवळीच दिसायची. 'नुसती सरकलीय' म्हणून तपासणारा तिला न वाचता सोडून देणार.

त्याच आठवड्यात भाऊजींची त्यांच्या पुण्याच्या कंपनीबरोबर कॉम्प्युटरवरच शेवटची मीटिंग होती. तिथले साहेब आधी दोनदा नाही म्हणाले होते: इतके रंग कशाला, लोकांना लाल-हिरवं पुरतं. यावेळी नाही म्हणाले असते तर दोन वर्षांचं काम बासनात गेलं असतं. मी चहा द्यायच्या निमित्तानं दारात उभी राहिले. भाऊजींनी आकडे, तक्ते काही दाखवलं नाही. साहू काकींचा चहा सांगितला. पलीकडे हसू झालं. मग ते म्हणाले, "अक्षरन् अक्षर तेच असंल, तरच निळं-पिवळं. काही बदललं तर लाल-हिरवं. आणि पिवळी जोडी सापडली नाही, तर निळं द्यायचंच नाही. सरळ लाल. गेलेल्याले सरकलं म्हणून नाही दाखवायचं."

साहेबांनी होकार दिला. आज ज्यांच्या ज्यांच्या पडद्यावर ते साधन आहे, त्यांना सरकलेल्या ओळी आमच्या भाऊजींच्या रंगांत दिसतात, साडीच्या काठासकट. पेढे मी स्वतः वाटले. ज्यांच्या घरी हळू आवाजात बोललं जायचं, तिथं आधी गेले आणि चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना म्हटलं, काम झालं, आता घरातल्या चिठ्ठ्या काढा. त्यांनी निमूटपणे काढल्या. दुपारी मी दाराजवळच्या खुंटीवरची भाजीची पिशवी उचलली, तर मागं एक निळी दिसली. पुष्कळ जुनी, रंग उडालेली. त्या खुंटीला माझ्या यजमानांचं प्लांटचं हेल्मेट असायचं.

"भाऊजी, ही राहिली."

"राहू द्या."

"नियम तर तुमचाच हाये. जोडी नाही तर निळं नाही."

भाऊजींनी खिशातलं पाकीट काढून थोडं उघडून दाखवलं. आत घडी घातलेली पिवळी चिठ्ठी होती.

"जोडी हाये, वहिनी. जागा अजून शोधून राहिलो."

मी पिशवी दुसऱ्या खिळ्याला अडकवली. निळीचा एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्यानं दाबून बसवला आणि दुकान उघडायला गेले.