विलासचा पीटर

विलास नेदरलँड्समध्ये राहतो आणि तिथल्या कचऱ्याच्या डब्यांवर त्याने आजवर सात लेख लिहिले आहेत. हिरवा डबा, निळा डबा, डबा बाहेर ठेवायचा वार, वार चुकला तर काय होतं. सातवा लेख डब्याच्या चाकांवर होता. हे सगळे मी छापले, कारण मी कोल्हापुरात एक साप्ताहिक चालवतो आणि त्याची आठ पानं भरता भरता माझ्या नाकी नऊ येतात.

विलास माझा वर्गमित्र. शाळेत निबंधात कायम काठावर पास. पण विमानात बसला की माणूस लेखक होतो, असा काहीतरी नियम दिसतो. पहिली दोन वर्षं झकास गेली. बर्फ बघितला, लेख. सायकलींचा वेगळा रस्ता बघितला, लेख. रस्त्यात कुणीतरी अनोळखी माणूस हसला, त्याचे दोन लेख. मग स्वारी तिथं रुळली. रुळलेल्या माणसाला कसली नवलाई दिसणार? बर्फ पडला की तो आता नुसता वैतागतो, आणि वैतागावर दर आठवड्याला किती लिहिणार?

सुट्टीला इकडे आला की "आमच्याकडं असं नसतंय" हे त्याचं पालुपद. मिसळीचा कट बघून म्हणणार, "आमच्याकडं एवढं तिखट नसतंय." आणि तिकडे जाऊन लेखात लिहिणार, "आमच्याकडे कोल्हापूरला मात्र..." हा गृहस्थ नक्की कुणीकडचा, हे विचारणं मी सोडून दिलं आहे.

आणि एका आठवड्यात पीटर अवतरला. पीटर म्हणजे विलासचा तिकडचा शेजारी. लेखांना एकदम बरकत आली. पीटरचं सख्ख्या भावाशी बांधावरून बोलणं बंद आहे. पीटरच्या म्हाताऱ्या आत्याने रुसून आठ दिवस जेवण सोडलं. पीटर दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं निघालासा?" असं विचारतो. वाचकांना पीटर आवडला. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. मी फक्त शुद्धलेखन तपासतो, भूगोल तपासत नाही.

भूगोल मुरगूडच्या एका पाव्हण्यांनी तपासला. पन्नाशीचे गृहस्थ थेट ऑफिसात आले आणि त्यांनी अंक माझ्या टेबलावर आपटला.

"तुमचा ह्यो पीटर ऊस लावतोय व्हय?"

मी वाचून बघितलं. पीटर खरोखरच हवालदिल होऊन ऊसतोडीच्या टोळीची वाट बघत होता. वाळत चाललेला ऊस मी बिनदिक्कत छापला होता.

"आन् ही रुसलेली आत्या म्हंजे माझी आई," पाव्हणे म्हणाले. "मी विलासचा आत्तेभाऊ. सुट्टीला आला की आमच्या सोप्यात बसून वहीत लिवून घेत असतोय. मला वाटलं जमिनीची काय भानगड हाय. आन् आईनं दोन दिस जेवण सोडलंतं, आठ न्हाय. तेवढं पुढच्या अंकात दुरुस्त करा."

माझं डोकं फिरलं. दिवाळीला विलास आला तेव्हा मी त्याला दूध कट्ट्यावर गाठलं. समोर म्हैस पिळून दिलेल्या दुधाचा ग्लास त्याच्या हातात होता. आजूबाजूची माणसं वळून बघतील अशा आवाजात मी सांगितलं, "तुझं सदर बंद. वाचकास्नी फसवतोस मर्दा. तो पीटर तरी खरा हाय का?"

"शेजारी माणूस हाय की."

"नाव काय त्याचं?"

विलासने ग्लास दोन्ही हातांनी धरला. "म्हाईत न्हाय. नऊ वर्षं झाली. त्याच्या कुत्र्याचं म्हाईत हाय. तो त्याला हाक मारतोय, ते ऐकू येतंय म्हणून."

मला हसू आलं आणि मी हसलोही. विलास हसला नाही.

"सदर बंद कर," तो म्हणाला. "माझ्याकडचं संपलंच हाय सगळं. पर तू गुरवारी फोन करून लेख कुठाय म्हणून शिव्या घालतोस न्हवं, तेवढ्या बंद करू नको. आई गेल्यापासनं दुसऱ्या कुणाचा फोन येत न्हाय."

इतकी वर्षं मी त्या माणसाला दर गुरुवारी झोडपत होतो आणि तो त्या फोनची वाट बघत होता. मला माझीच लाज वाटली.

तो परत गेल्यावर पहिल्याच गुरुवारी मी फोन लावला. लेख मागायचा नव्हता, त्यामुळे बोलायचं काय हेच मला सुचेना. शेवटी म्हणालो, "आमच्या ऑफिससमोरचा रस्ता खणलाय."

"कुठल्या बाजूनं?" त्याने लगेच विचारलं. "मग रिक्षा कुठनं जात्यात?"

मी उठून खिडकीशी गेलो आणि बघून बघून त्याला सांगायला लागलो.