तांडेलदादा आणि तो

आमच्या खालच्या मजल्यावरचे तांडेलदादा रोज सकाळी साडेसहाला 'त्याला' फिरवायला नेतात. जिन्यात कोणी भेटलं आणि कुठे निघालात म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं. "त्याला जरा फिरवून आनतो." समोरच्या विंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी हे तीन-चार वेळा ऐकलं आणि कमिटीकडे रीतसर अर्ज दिला, की तांडेलांच्या कुत्र्याची सोसायटीत नोंद आहे का आणि त्याला लस टोचली आहे का. अर्ज वाचून दादा खूश झाले. टोचलीय म्हणाले, दोन्ही डोस झालेत.

'तो' म्हणजे दादांचा स्वतःचा देह. गुडघे त्याचे दुखतात, दादांचे नाही. मधुमेह त्याला आहे. गणपतीत दादा आमच्याकडे आले, की माझी बायको त्यांच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवते. तो चहा दादा 'त्याच्या' नावाने पितात आणि मोदक स्वतःच्या नावाने खातात. डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं, तर म्हणतात, "मी बरा हाय. त्याचं काय ते तुमी बगा."

हे सगळं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. दादांना हार्ट अटॅक आला आणि हॉस्पिटलात त्यांचं हृदय चार मिनिटं बंद पडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं. त्या चार मिनिटांत आपण देहातून बाहेर पडलो आणि ट्यूबलाइटच्या शेजारी तरंगत होतो, असं दादा सांगतात. तिथून त्यांनी खाटेवरच्या स्वतःला पाहिलं आणि तेव्हापासून त्याला ते 'तो' म्हणू लागले.

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. असलं काही ऐकलं की माझ्या हाताला खडूची खाज सुटते. मी दादांना मेंदू समजावला. रक्त पोचलं नाही की मेंदू भलतीसलती चित्रं दाखवतो, मन म्हणून वेगळं काही नसतं, मेंदूचं काम चालतं त्यालाच आपण मन म्हणतो, हे सगळं फळा नसताना सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते मूळचे खाडीकाठच्या सारसोळे गावचे कोळी. होडीवर जो सुकाणू धरतो, ज्याच्या शब्दावर जाळं पडतं, तो तांडेल. त्यांच्या घराण्याचं आडनाव तिथूनच आलेलं.

"सर, होडी म्हंजे तांडेल नाय," दादा म्हणाले. "होडी बुडली तरी तांडेल पोहून येतो."

मी म्हटलं, होडीच नसेल तर त्याला तांडेल कोण म्हणेल? यावर ते हसले. आमचा वाद असा तीन वर्षं चालला आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर माझे दिवस त्याच्याच जोरावर गेले.

तिकडे, मरणाच्या पलीकडे, कसं असतं, हे मात्र दादा फार सुंदर सांगत. सोसायटीत कोणी आजारी पडलं की घरची माणसं हळूच त्यांना बोलावून घेत. दादा खुर्ची ओढून बसत आणि सांगत, की भरती पुरी झाली, ओहोटी अजून लागली नाही, त्या मधल्या वेळचं खाडीचं पाणी आठवा. ते आत येत नाही, बाहेर जात नाही. होडी आपोआप उभी राहते आणि वल्ह्याला काम नसतं. तिकडे तसंच आहे. ऐकणाऱ्याचे डोळे जड व्हायचे. एकदा ऐकता ऐकता मलाच सोफ्यावर डुलकी लागली आणि डुलकीत मी कितीतरी वेळ त्या थांबलेल्या पाण्यावर होतो. जाग आल्यावर मी ते कोणाला सांगितलं नाही.

पण दादांकडे पुरावा होता. वरून पाहिलं तेव्हा त्यांना खाटेवरच्या माणसाच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, बशीएवढं टक्कल दिसलं. आपल्याला टक्कल आहे हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. केस आयुष्यभर त्यांची बायको हिराबाईच घरी कापायची. ती गेल्यावर ते गावातल्या न्हाव्याकडे जाऊ लागले आणि त्याच्याकडे मागून दाखवायचा आरसा नाही. मग न पाहिलेलं टक्कल मला दिसलं कसं, असं विचारून ते विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत. 

त्याचं उत्तर मला गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी सोसायटीच्या ऑफिसात सापडलं. मी पाण्याची तक्रार द्यायला गेलो होतो. सेक्रेटरी जागेवर नव्हते म्हणून त्यांच्या खुर्चीत टेकलो. समोर सीसीटीव्हीचा पडदा होता आणि एका चौकोनात एक टकला माणूस पाठमोरा बसलेला. हा कोण म्हणून मी पुढे वाकलो, तर तोही वाकला. मी डोक्याला हात लावला आणि त्यानेही लावला. कॅमेरा माझ्या मागे, छताच्या कोपऱ्यात होता. मला टक्कल पडलंय हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी असं कळलं. माझ्या बायकोने कधी त्याचा उच्चारही केला नव्हता.

दोन मिनिटं वाईट वाटलं आणि मग एकदम लक्षात आलं. अटॅकच्या आधी दादा दोन वर्षं सेक्रेटरी होते आणि याच खुर्चीत बसायचे. त्यांनी ते टक्कल रोज वरून पाहिलं होतं, फक्त ते आपलं आहे हे कळलं नव्हतं. मेंदूने ते जपून ठेवलं आणि वेळ आल्यावर बाहेर काढलं. मी तक्रार तशीच खिशात घातली आणि रिक्षा करून सारसोळ्याची जेट्टी गाठली.

दादा रोजच्यासारखे तिथे कठड्यावर बसले होते. समोरच्या चिखलात फ्लेमिंगो उतरले होते आणि ऊन इतकं मऊ होतं, की ते पक्षी उभे आहेत की झोपलेत हे समजत नव्हतं. मी धापा टाकत सगळं सांगून टाकलं. आता दादा हसतील, काहीतरी उलटं बोलतील म्हणून मी वाट पाहत राहिलो.  पण त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मला माझ्या उत्साहाची लाज वाटली.

"टकलाचं जाऊ द्या," ते म्हणाले. "टक्कल खरं ठरलं तर हिरा पन खरी, येवडंच माजं होतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते तीन वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या चार मिनिटांत हिराबाई आली होती. खाटेच्या उशाशी उभी होती आणि तिने त्या टकलावर तळहात ठेवला होता, कोणाला दिसू नये असा. दर रविवारी तेल लावताना तिला ते दिसत असणार आणि तिने कधी सांगितलं नाही, हे दादांना तिथे वरून समजलं. त्यांनी तिला हाक मारली. हिरा, मी हितं हाय, वर बग. तिने वर पाहिलं नाही. शेवटपर्यंत ती खाटेवरच्याकडेच बघत राहिली.

"चाळीस वर्सं संसार केला, सर. आनि तिनं मला ओलखलं नाय. त्यालाच बगत बसली."

 हा माणूस तीन वर्षं स्वतःच्या देहावर रुसला होता. ज्याच्याकडे बायको बघत राहिली, त्यालाच रोज फिरवत होता, त्याच्या गोळ्या त्याला वेळेवर देत होता. आयुष्यभर मी वाद घातले ते स्वतः जिंकायला. त्या सकाळी पहिल्यांदा मला समोरच्यासाठी जिंकायचं होतं.

"दादा, मी तीन वर्षं काय सांगतोय तुम्हाला? तुम्ही आणि तो असे दोघं नाहीच. एकच माणूस आहे. खाटेवर होता तो तांडेलच होता. मग ती कुणाकडे बघत होती?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. ते हुशार आहेत. मेंदूनेच सगळं दाखवलं असेल तर तुमच्या हिशोबाने हिरा आलीच नव्हती, असं ते सावकाश म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. पाचवीतल्या पोरानेही मला तिथेच पकडलं असतं.

"ती आली होती," मी म्हणालो.

ती आली हे अर्धं त्यांचं आणि माणूस एकच हे अर्धं माझं, जसं सोयीचं पडेल तसं मी जोडून दिलं. विज्ञानाचा शिक्षक म्हणून शरम वाटायला हवी होती, पण वाटली नाही. दादांनी हात उचलला, डोक्याच्या मागे नेला आणि तिथेच ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी दुसरा हातही उचलला नाही.

"मंग तिनं मला ओलखलं, सर," ते म्हणाले.