पोटॅशिअमला पडलेली मतं

सृष्टीतल्या प्रत्येक कणाची एकच धडपड असते : केंद्राच्या जवळ जागा मिळावी. ज्याला मिळते तो स्थिर होतो. ज्याला मिळत नाही तो लांबून घिरट्या घालतो, आणि कोणीही यावं नि ओढून न्यावं अशी त्याची गत होते. हे कळायला शास्त्रज्ञांना प्रयोगशाळा बांधाव्या लागल्या, आयुष्यं घालवावी लागली. जुईनगरच्या पालकांना मात्र ते १९९६ सालच्या जूनमध्ये, हौसेराव सरांच्या एका भाषणात, चहा निवायच्या आत कळलं.

हौसेराव सर म्हणजे 'अणुतेज क्लासेस'. जिथे आखीव सेक्टर संपतो आणि खाडीकाठचं जुनं गाव सुरू होतं, तिथल्या देवजीशेठच्या चार मजली इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत हा क्लास चाले. दहावीच्या मुलांना अणुरचना शिकवताना सरांना असा साक्षात्कार झाला की, जी व्यवस्था निसर्गाने अणूसाठी योग्य मानली ती मुलांसाठी अयोग्य मानणारे आपण कोण? त्याच आठवड्यात खोलीची फेररचना झाली. मधोमध सरांचं टेबल, ते केंद्रक. त्याला लागून के-कवच, म्हणजे दोन खुर्च्या. मागे एल-कवच, आठ जागा. त्यामागे एम-कवच, कमाल क्षमता अठरा. एन-कवचाच्या बत्तीस जागा पुढील विस्तारासाठी राखीव होत्या (म्हणजे व्हरांडा). दर महिन्याच्या चाचणीनंतर मुलं या कवचातून त्या कवचात जात. सरांच्या सौभाग्यवती मुक्ताबाई दारात बसून हजेरी घेत आणि कोणत्याही विषयावर मत देत नसत. त्यांना मुलं मागून न्यूट्रॉन म्हणत. हा उल्लेख आदरानेच होत असावा.

या पद्धतीचे फायदे आकडेवारीनेच सिद्ध झाले. क्लासच्या माहितीपत्रकानुसार के-कवचातल्या शंभर टक्के मुलांना ऐंशीच्या वर गुण मिळाले. (तिथे दोनच मुलं असल्याने टक्केवारी काढायला सोपी जाई.) एम-कवचातल्या मुलांच्या आयांपैकी साडेबासष्ट टक्के आयांना पित्ताचा त्रास सुरू झाला, यावरून पालकांचा सहभाग वाढल्याचं दिसतं. वाशीच्या घाऊक बाजारात सोसायटीसाठी एकत्र कांदे आणायला गेलेल्या बायका पूर्वी एकमेकींना नवऱ्याचं ऑफिस विचारत. आता ट्रकभर भोपळ्यांसमोर उभ्या राहून विचारत, "तुमचं कुठल्या कवचात?"

वैजयंतीला हा प्रश्न आवडायचा. तिची जाई के-कवचात दुसऱ्या खुर्चीवर होती. पहिल्या खुर्चीवर मालतीबाईंचा निशांत होता, पण दुसरी खुर्ची पंख्याखाली होती, असं वैजयंती स्वतःच्या मनाला सांगे. लालबागच्या दोन खोल्या सोडून ती या गावी आली ती जाईसाठी. इथे मुलीला खिडकी मिळेल, अभ्यासाला टेबल मिळेल, असं तिने नवऱ्याच्या, श्यामसुंदरच्या, गळी उतरवलं होतं. श्यामसुंदर बेलापूरला सरकारी कचेरीत होता आणि कुठल्याही गोष्टीला हरकत न घेणं हा त्याचा तिथला अनुभव होता.

आता या व्यवस्थेतली एक बारीकशी अडचण सांगणं भाग आहे.

एम-कवचाची क्षमता अठरा असली तरी प्रत्यक्षात तिथे आठच मुलं मावत. कारण उरलेली जागा देवजीशेठच्या भाताच्या कणगीने अडवली होती. शहर वसलं तेव्हा देवजीशेठची शेती गेली, इमारत आली, भाड्याने चार दुकानं लागली. पण बांबूची ती पोट सुटलेली कणगी, आत एक दाणा नसताना, जागची हलली नाही. सरांनी तीनदा विनंती केली. देवजीशेठचं उत्तर तिन्ही वेळा एकच : "मास्तर, जमीन गेली, भात गेला, कनगी तरी र्‍हाऊंदे. ती हलनार नाय."

त्यामुळे दोन, आठ आणि आठ अशी अठरा मुलं आत बसली की एकोणिसावी बाहेर, व्हरांड्यात बसे. ही एकोणिसावी म्हणजे देवजीशेठचीच नात जागृती. तिची तक्रार नव्हती. व्हरांड्यात वारा होता.

ऑगस्टात सर पोटॅशिअमवर आले. पोटॅशिअमचा अणुअंक एकोणीस, म्हणजे इलेक्ट्रॉनही एकोणीस. ते कुठल्या कवचात किती बसतात?

"दोन, आठ, नऊ," सरांनी फळ्यावर लिहिलं. "का? एम-कवचात अठरा मावतात. मग नवव्याने आतच बसायचं. घरात जागा असताना व्हरांड्यात कोण झोपतं?"

'अणुतेज नोट्स'मध्येही तसंच छापलं होतं. पान एक्केचाळीस, चौकटीत.

जाईने हात वर केला. या मुलीला हात वर करायची खोड होती. "सर, पुस्तकात दोन, आठ, आठ, एक आहे. शेवटच्या कवचात आठाच्या वर बसत नाहीत. आठ झाले की पुढचा बाहेर जातो." आणि सरांना नीट समजावं या सद्हेतूने तिने पुढे जोडलं, "आपल्याच क्लासात बघा ना सर. तिसऱ्या रांगेत आठ झाले की जागृती बाहेर बसते."

सतरा मुलं हसली. (जाई हसली नाही, आणि बाहेर जागृतीला ऐकू आलं नाही.) जगात इतकं सोपं करून कोणीच पोटॅशिअम शिकवला नसेल, आणि तो शिकवला गेला होता सरांच्या क्लासात, सरांच्या खोलीत, सरांना.

दुसऱ्या दिवशी दारावर सूचना लागली. 'कु. जाई हिने अणुरचनेबाबत अनधिकृत माहिती प्रसृत केल्याने तिची एकोणिसाव्या जागी बदली करण्यात येत आहे. "पोटॅशिअम : दोन, आठ, नऊ" असे शंभर वेळा लिहून देणे व पालकसभेत पालकांनी सदर संरूपणास मान्यता देणे, या दोन अटी पूर्ण झाल्यास पुनर्विचार होईल. रविवारच्या सभेत ठरलेल्या जागा परीक्षेपर्यंत कायम राहतील.'

मधले सगळे एकेक जागा पुढे सरकले, जागृती आत आली, जाई व्हरांड्यात गेली. जाईच्या म्हणण्याप्रमाणे, पोटॅशिअम पुन्हा बरोबर झाला.

वैजयंतीने पाठ्यपुस्तक उघडलं. छापलेलं स्पष्ट होतं. पदर खोचून, पुस्तक पिशवीत घालून ती तडक सरांकडे गेली.

"ताई, पुस्तक बरोबरच आहे," सर सौम्यपणे म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतो?"

"मग सर, नोट्स दुरुस्त करा ना."

"पाचशे प्रती छापल्यात, ताई. पोटॅशिअम एक आहे, प्रती पाचशे आहेत. आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं?"

वैजयंती पुस्तक पुन्हा पिशवीत घालून बाहेर पडली. शास्त्रीय वादात असं होतं.

सोसायटीच्या जिन्यात मालतीबाई भेटल्या. "काय गं, तुझ्या जाईला कसलं टेन्शन? लिहून टाकायचं ना मुकाट. निशांतला काय माहीत नव्हतं? त्याला जूनपासून माहितीये दोन आठ आठ एक."

"मग बोलला का नाही तो?"

"बोलला असता तर के-मध्ये राहिला असता?" मालतीबाईंनी कौतुकाने विचारलं. "सगळ्या पोरांना माहितीये, बाई. फक्त तुझीने सांगितलं."

सोसायटीत चौकशी केली तेव्हा हे खरं निघालं. एकोणीसपैकी एकोणीस मुलांना बरोबर उत्तर येत होतं. क्लासच्या शिकवण्याचा दर्जा लक्षात घेता हा निकाल फारच उत्साहवर्धक होता.

श्यामसुंदरने कचेरीचा दाखला दिला. "वरच्याने फाइलवर चूक लिहिली तर खालच्याने खोडायची नसते. खाली 'सादर' लिहून सही करायची. बत्तीस हजार फाइली अशाच पुढे गेल्यात, बेलापूर अजून उभं आहे."

जाई ओट्यापाशी उभी राहून मटार सोलत होती. सोलता सोलता दोन दाणे एकीकडे, आठ एकीकडे अशी तिची मांडणी चालली होती. वैजयंतीने मागून तिची वेणी हातात घेतली. या मुलीच्या केसांना अजून लहानपणचा वास येतो, हे तिने कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

"आई, शंभर वेळा लिहू का?"

"तुला काय वाटतं?"

"खोटं आहे ना ते. एकदा लिहिलं तरी खोटं, शंभरदा लिहिलं तर शंभर खोटी." मग मान वळवून, "तू सांगशील ना सभेत? तू मोठी आहेस, तुझं ऐकतील."

"सांगीन," वैजयंती म्हणाली. तिला खरंच सांगायचं होतं. हे नोंदवून ठेवणं न्यायाचं होईल, कारण पुढच्या घटनाक्रमात त्याचा काही उपयोग झाला नाही.

रविवारी सकाळी दहाला सभा भरली. मुलांच्या जागांवर मुलांच्याच कवचांप्रमाणे पालक बसले. श्यामसुंदरने घरी थांबून गॅस सिलिंडरची वाट बघायचं ठरवलं होतं. जाईची जागा एकोणिसावी, म्हणून वैजयंतीची खुर्ची दाराच्या उंबऱ्यावर. जाई व्हरांड्यात खिडकीपाशी, मांडीवर कोरी वही घेऊन.

सर उभे राहिले. शिस्त, संस्कार आणि क्लासची एकजूट यांवर ते वीस मिनिटं बोलले. त्यात पोटॅशिअम दोनदा आला, तोही नाव न घेता. शेवटी म्हणाले, "ही लोकशाही आहे. मी माझं मत कोणावर लादत नाही. विषय मतदानाला टाकतो."

अशा तऱ्हेने एका मूलद्रव्याच्या अंतर्गत रचनेचा प्रश्न, जो आजवर निसर्गावर सोपवलेला होता, सेक्टर तेवीसच्या पालकांनी आपल्या हाती घेतला.

आधी देवजीशेठ उठले. "मास्तर, माजी नात भायेर बसत व्हती, ती सगल्यांनी बगलीय. आत आठ, भायेर येक. मंग नऊ कशे?"

वैजयंती खुर्चीच्या कडेला सरकली. कोणीतरी बोललं होतं. आता फक्त 'बरोबर आहे' एवढंच म्हणायचं होतं.

"ती जागेची तांत्रिक बाब," सर म्हणाले. "आणि देवजीशेठ, तुमची जागृती आता आत बसते. आतच राहावी अशी माझी इच्छा आहे. तुमची?"

देवजीशेठनी कणगीकडे बघितलं, मग आपल्या धोतराच्या निऱ्यांकडे. "आत हाय तं आत र्‍हाऊंदे," असं पुटपुटून ते खाली बसले.

"दोन, आठ, नऊ. मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत."

के-कवचातून मालतीबाईंचा हात पहिला वर गेला. काकणं वाजली. मग शेजारच्या खुर्चीतला, मग एल-कवचातले आठही. त्यांत एक सयाजीराव होते, ते वाशीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. (त्यांनी डावा हात वर केला. उजवा त्यांनी बहुधा विषयासाठी राखून ठेवला असावा.) मग एम-कवच. देवजीशेठचा हात कोपरापर्यंतच वर आला, तो पूर्ण धरण्यात आला. अठरा झाले.

सगळ्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. रागाने नाही. हेच तर वाईट होतं. लग्नात एकटीच जेवायची राहिलेल्या बाईकडे बघतात तसं, काळजीने, आपुलकीने बघितलं. चला हो, तुमच्यासाठी पंगत खोळंबलीय.

वैजयंतीने मनात सगळं तयार केलं होतं. पुस्तक मांडीवर होतं, पानात खूण होती. तिला के-कवचातली जाईची जुनी खुर्ची दिसली. तिच्यावरचा पंखा फिरत होता. तिला मार्चची परीक्षा दिसली, नंतरचं कॉलेज, त्यापुढचं काय काय. हे सगळं जाईचंच होतं, आणि जाईसाठीच आपण करतोय, हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ पटलं की हात वर गेला तो जड वाटलाच नाही.

एकोणीस विरुद्ध शून्य. पोटॅशिअमच्या बाजूने कोणीही हजर नव्हतं.

टाळ्या झाल्या. मुक्ताबाईंनी सर्वांना वेफर्स दिले. वैजयंतीने वळून बघितलं तेव्हा जाई खिडकीतून तिच्याकडे बघत नव्हती. ती वहीत लिहीत होती. घरी जाईपर्यंत शंभर ओळी पुऱ्या झाल्या होत्या, एकाखाली एक, सुवाच्य. समासही सोडला होता.

यानंतर सगळं फार चांगलं झालं. जाई के-कवचात परत आली (तिच्याऐवजी एम-कवचातलं दुसरंच कोणीतरी व्हरांड्यात गेलं) आणि तिची हात वर करायची खोड गेली. क्लासच्या चाचणीत पोटॅशिअम आला, तिने दोन, आठ, नऊ लिहिलं, पूर्ण गुण. मार्चच्या पेपरात पोटॅशिअम आला, तिने दोन, आठ, आठ, एक लिहिलं, पूर्ण गुण. निकालानंतर सरांनी स्टेशनाबाहेर तिचा फोटो लावला.

"परीक्षेत घाबरली नाहीस ना गं, काय लिहायचं म्हणून?" वैजयंतीने पेढा भरवताना विचारलं.

"घाबरायचं काय त्यात? पेपर कोण तपासणार ते माहीत होतं," जाई म्हणाली.

जूनअखेर वैजयंतीच्या भावाचं लग्न होतं. तिने मोरपंखी साडी नेसली आणि हौसेने लेकीला विचारलं, "बघ गं, कशी दिसतेय?"

जाईने साडीकडे बघितलं नाही. तिने आधी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, नीट, क्षणभर. मग म्हणाली, "छान."

वैजयंतीने मोरपंखी सोडून अबोली नेसली. जाईने पुन्हा चेहऱ्याकडे बघितलं. "छान." मग जुनी, विटकी, घरात वापरायची पिवळी नेसून ती पुढे उभी राहिली.

"हीपण छान आहे, आई."

वैजयंती पलंगावर बसली. या मुलीला आपण कशा दिसतो, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. मुलगी मात्र अत्यंत गुणी निघाली, असं सगळे म्हणतात.

वाचकांनाही ही कथा कशी वाटली असं कोणी ना कोणी विचारीलच. मोकळेपणाने सांगावं, कोणाची भीडभाड ठेवू नये. (उत्तर देण्याआधी विचारणारा कोण आहे ते बघताय? बघा, सावकाश बघा. आम्हाला उत्तर माहीत आहे.)