आजोबांच्या हातावर गांध उठेना

आजोबांची शिंक कधी एकटी येत नसे. पहिली आली की तिची सगळी भावंडं ओळीनं यायची, डोळे लाल व्हायचे, नाक चोंदायचं, आणि मग आई सोफ्याखाली वाकून बघायची. सोफ्याखाली बोका असायचा.

"याचेच केस जातात नाकात," आई म्हणायची. शेवटी तिनं फर्मान काढलं. आजोबांची अ‍ॅलर्जीची तपासणी करायची, आणि बोका दोषी निघाला तर त्याची रवानगी मावशीकडे. हे ऐकून नातीचा घास तोंडातच फिरू लागला. मावशीकडे कुत्रा होता, आणि तो स्वभावानं मुळीच गरीब नव्हता.

आजोबा निवृत्त शिक्षक. स्वतःच्या आजारातही त्यांना आधी धडा दिसायचा. नातीला जवळ बसवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कातडीखाली आणि नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी नावाचे पहारेकरी बसलेले असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पुरचुंड्या. खरा शत्रू आला तर ते कामाचेच. पण कधी कधी त्यांना साध्या धुळीचाही संशय येतो आणि ते भराभर पुरचुंड्या फोडतात. मग रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, सूज येते, खाज सुटते. रोजच असा गोंधळ झाला तर अस्तर सुजूनच बसतं. त्याला म्हणायचं दाह.

"मग गोळी काय करते?" नातीनं विचारलं.

"गोळी हिस्टामिनला दारातच अडवते. म्हणून तपासणीआधी आठवडाभर ती बंद. नाहीतर कशाचाही थेंब लावा, हातावर काही उठायचंच नाही."

हे शेवटचं वाक्य नातीनं जितकं मन लावून ऐकलं, तितकं शाळेत काहीही ऐकलं नव्हतं. तपासणीच्या दिवशी सकाळी आजोबांच्या ब्रेडवरच्या जॅममध्ये एक गोळी चुरून गेली.

आई, आजी आणि नातीबरोबर टॅक्सीत बसल्यापासूनच आजोबा जांभया देत होते. डॉक्टरबाईंनी त्यांच्या हातावर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब ठेवला आणि बारीक सुईनं टोचलं. पहिला थेंब नुसत्या हिस्टामिनचा, मग मांजराचा, धुळीचा, परागांचा. थोड्या वेळानं त्या परत आल्या तेव्हा आजोबा घोरत होते, आणि हात पुसलेल्या पाटीसारखा कोरा होता.

"म्हणजे बोका सुटला?" नातीनं घाईनं विचारलं.

"बोक्याचं राहू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिस्टामिनची गांध प्रत्येकाला उठतेच. यांना तीही नाही. यांच्या पोटात गोळी गेलीय."

त्यांनी आजोबांचा खांदा हलवला. "हजेरी झाली का?" एवढंच विचारून आजोबा पुन्हा झोपले.

बोका वाचवायला निघालो आणि आजोबाच गमावून बसलो, असं वाटून नातीचा बांध फुटला. हुंदके देत तिनं जॅमची सगळी हकिगत सांगून टाकली. आईनं डोळे वटारले. पण डॉक्टरबाई विचारात पडल्या. एका गोळीनं एवढी झोप येत नाही, म्हणाल्या.

आजी मघापासून पर्सची चेन नुसती उघडत आणि मिटत होती. "रात्री दुधात एक मी घातली," ती हळूच म्हणाली. "किती शिंकत होते हो. बघवेना मला."

"आणि एक मी घेतली," डोळे न उघडताच आजोबा म्हणाले.

आई बघतच राहिली. "तुम्ही? अहो, काय होतं ते तुम्हीच तर हिला शिकवलंत."

"म्हणून तर घेतली. काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं." आजोबांनी एक डोळा किलकिला केला. "रात्री तो माझ्या पायांवर झोपतो, सूनबाई. मोज्यांना तशी ऊब नाही."

डॉक्टरबाईंनी चौघांनाही एका रांगेत बसवून खरपूस फटकारलं. या वयात तीन गोळ्या म्हणजे खेळ नव्हे, म्हणाल्या. आजोबा पुरते जागे होईपर्यंत त्यांनी कुणाला हलू दिलं नाही, आणि उरलेल्या गोळ्या स्वतःच्या खणात ठेवून घेतल्या.

पुढच्या तपासणीपर्यंत आजोबा मनसोक्त शिंकले. या वेळी हिस्टामिनची गांध झोकात उठली. मांजराच्या थेंबाची जागा सपाटच राहिली. धुळीची मात्र भल्यामोठ्या नाण्याएवढी टम्म फुगली. घरच्या धुळीतले बारीक किडे, डॉक्टरबाईंनी सांगितलं, आणि घरात गालिचा आहे का म्हणून विचारलं.

गालिचा होता. आईनं स्वतः पारखून आणलेला, दिवाणखानाभर पसरलेला. केस लागतील म्हणून बोक्याला त्यावर पाऊल ठेवायची बंदी होती.

मावशीकडे रवानगी झाली ती गालिच्याची. दोन दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन आला. गालिचा फार शोभतोय, पण यांना कालपासून सारख्या शिंका येताहेत; कुत्र्याला कुठे तरी पाठवावं म्हणते, असं ती सांगत होती.

आईनं फोन आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी चष्मा सारखा केला, पायांवरच्या बोक्याला धक्का लागू न देता जरा सरसावून बसले आणि घसा खाकरला.

"हं, नीट ऐक हं," ते म्हणाले. "आपल्या नाकाच्या अस्तरात काही पहारेकरी बसलेले असतात…"