बाभळीचा काटा आणि फुटणारे बेडूक

एका जंगलात, बाळांनो, पहाऱ्याला बेडूक होते. हसू नका. वाघ दुपारी झोपतो.

प्रत्येक बेडूक पोट टम्म फुगवून चौकीवर बसे. पोटाला पट्टा. पट्ट्याशी एक खेकडा. शत्रू दिसला की खेकड्यानं पट्टा कापायचा आणि बेडकानं फुटायचं. स्फोटात शत्रू गारद, आवाजानं जंगल सावध! लांडग्यांची एक अख्खी टोळी अशी खरोखर संपली होती. तेव्हापासून फुटणं म्हणजे मोठा मान.

या कापणाऱ्या खेकड्यांना सगळे एन्झाइमराव म्हणत. तुमच्या-आमच्या अंगातही असे कापणारे असतात म्हणे. ते बाईंना विचारा, मला गोष्ट सांगू द्या.

एका दुपारी पहिल्या चौकीवर बाभळीचा काटा पडला. तिथल्या एन्झाइमरावांनी पाहिलं. टोकदार आहे, ओळखीचा नाही. कच्! फाट्!

दुसऱ्या चौकीवरच्या खेकड्याला काटा दिसलाच नाही. आवाज मात्र आला. आवाज म्हणजे शत्रू. कच्! फाट्! मग तिसरी चौकी, मग चौथी, मग मी मोजायचं सोडलं.

शेवटच्या चौकीवर डबू बेडूक होता. त्याचं लग्न ठरलेलं.

"एन्झाइमराव, थांबा! काय आलंय ते जाऊन बघा तरी!"

"बघणं माझं काम नव्हे. मी कापणारा."

"अहो, उद्या हळद आहे माझी!"

"उत्तम! सुजेवर गुणकारी."

"सहा पावसाळे एकत्र काढले हो आपण!"

"म्हणून तर नांगीला मुद्दाम धार लावलीय. तुला कळणारसुद्धा नाही."

कच्!

मग मदतीला अस्वलं धावली, रेडे धावले. शत्रू सापडेना, म्हणून एकमेकांना तुडवू लागले. जंगल लाल झालं, तापलं, सुजलं, ठणकायला लागलं.

संध्याकाळी एका मुंगीनं काटा उचलून विचारलं, "हा कुणाचा?"

सिंहमहाराजांनी काट्याकडे पाहिलं. रिकाम्या चौक्यांकडे पाहिलं. आणि गर्जले, "बघा, शत्रू एकटा पडला! एन्झाइमरावांचा सत्कार करा! आणि नवे बेडूक भरती करा, आत्ताच्या आत्ता!"

शोधावं लागलं नाही. डबूच्या लग्नाचं वऱ्हाड वेशीवर येऊन उभंच होतं. नवरीसकट सगळ्यांना पट्टे बांधले.

तात्पर्य: घरचा बंदोबस्त इतका चोख ठेवावा, की शत्रूला स्वतः येण्याची तसदी पडू नये.